झुबिन मेहता यांच्या ध्वनिमुद्रिका आणि श्रोत्यांचे मतभेद

प्रारंभीच तीन शब्दांचा खुलासा केलेला बरा. ‘कंडक्टर’ म्हटले की आपल्यापुढे बसमध्ये तिकिटे देणारा गृहस्थ उभा राहतो. ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की गणेशोत्सवातील सिनेगीतांचा कार्यक्रम आठवतो. आणि ‘रोमँटिक’ ह्या शब्दाचा आपल्या महाविद्यालयाच्या आवारात कोणता अर्थ रूढ आहे ते मी सांगावयास नको! प्रस्तुत लेखात हे तिन्ही शब्द निराळ्या अर्थाने यावयाचे आहेत. ऑर्केस्ट्रा म्हणजे ऐंशी ते शंभर वादकांचा पाश्चात्त्य वाद्यवृंद. कंडक्टर म्हणजे हातात बारीक छडी घेऊन त्यांच्यासमोर उभा राहणारा व त्यांच्याकडून वाजवून घेणारा संचालक. आणि रोमँटिक म्हणजे, केशवसुत-बालकवींच्या कवितेला आपण ज्या अर्थाने रोमँटिक म्हणतो त्या अर्थाने, भावनेला व कल्पनेला मोकळे सोडणारे, स्थूलमानाने एकोणिसाव्या शतकातील संगीत. ब्राम्स, चायकोव्हस्की, ब्रुकनर, माहलर, रिचर्ड स्ट्राउस ही त्यातील काही ठळक नावे. पैकी शेवटचे दोघे विसाव्या शतकातही लिहीत होते, परंतु वळण तेच.

ह्या संगीताच्या ध्वनिमुद्रिका ज्यांनी विपुल प्रमाणात काढल्या अशा संचालकांत एक नाव आपल्याकडचे आहे. झुबिन मेहता हे मुंबईचे. २९ एप्रिल १९३६ रोजी एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. जगातील उत्तमोत्तम वाद्यवृंद त्यांनी चालविले, आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिकांविषयी श्रोत्यांत फार मोठे मतभेद आहेत. एकच मुद्रण ऐकून एक जण म्हणतो, इतका भरदार नाद दुसऱ्या कोणी काढलेला नाही. दुसरा म्हणतो, वरचा डामडौल तेवढा आहे, आत काही नाही. तिसऱ्याला त्यांची १९६५ ते १९७८ ह्या काळातील मुद्रणे हवीत आणि पुढची नकोत. रचना कागदावर लिहिलेली, वादक निष्णात, मुद्रण एकच. मग कानांत एवढी तफावत का पडावी, आणि त्या तफावतीला काही आधार असतो की ती नुसती ‘आवड आपली आपली’ असते, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे.

विषय निवडला तेव्हा एक आक्षेप माझ्या कानावर आला. ज्याने जन्मात कधी सभागृहात बसून सिंफनी ऐकली नाही त्याने ध्वनिमुद्रिकांविषयी मत कशाला द्यावे? आक्षेप खोटा नाही. मी डिचोली तालुक्यातील नार्व्याचा. आमचे गाव सप्तकोटेश्वराचे. ह्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला, म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ते ठाऊक असते. गावात भजन आहे, नाटक आहे, व्हायोलिन नाही. फेरीबोटीने नदी ओलांडून पलीकडे दिवाडी बेटावर गेले की फेस्ताच्या दिवशी बँड ऐकू येतो, एवढीच काय ती आमची पाश्चात्त्य संगीताशी सोयरीक. तेव्हा मत देण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न माझ्यापुरता तरी पुस्तकी नाही. परंतु त्याचे अर्धे उत्तर खुद्द मेहतांच्याच चरित्रात सापडते.

त्यांचे वडील मेहली मेहता (१९०८–२००२) हे व्हायोलिनवादक. त्यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मुंबईत त्या काळी असा वाद्यवृंद जमविणे म्हणजे तारेवरची कसरत. काही हौशी पारशी, काही नौदलाच्या बँडमधले वादक आणि मोठ्या संख्येने गोवेकर. जुन्या काबिजादींतील चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. ही मुले मोठी होऊन पोटापाण्यासाठी मुंबईस जात. दिवसा चित्रपटांची ध्वनिमुद्रणे, रात्री हॉटेलांतील बँड, आणि मधल्या वेळात बेथोव्हन! ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ हे १९७७ च्या चित्रपटातील गाणे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. त्यातील नाव माजोर्डे गावच्या एका खऱ्या व्हायोलिनवादकाचे आहे. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. अशा वादकांच्या तालमी घरातच पाहत झुबिन वाढले, आणि किशोरवयातच वडिलांच्या गैरहजेरीत त्यांना त्या तालमी घ्याव्या लागल्या.

पण थोरल्या युरोपीय वाद्यवृंदांचा नाद त्यांनी प्रथम ऐकला तो वडिलांच्या तबकड्यांवर. डॉक्टरी शिक्षणाच्या वाटेवरून मागे फिरून १९५४ साली ते व्हिएन्नास गेले. तेथे व्हिएन्ना फिलहार्मोनिकने कार्ल ब्योम यांच्या संचालनाखाली वाजविलेली ब्राम्सची पहिली सिंफनी ऐकली तेव्हा वाद्यवृंदाचा खरा नाद काय असतो हे आपल्याला कळले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. म्हणजे अठराव्या वर्षापर्यंत ह्या माणसाचा कान बव्हंशी तबकडीवर तयार झालेला होता. सभागृहाने त्यात भर घातली, मोठी भर घातली, हे खरे. परंतु तबकडीवर ऐकणाऱ्याने गप्प बसावे असे निदान त्यांच्या उदाहरणावरून कोणी म्हणू नये.

आता संचालक नेमके करतो काय ते पाहू. वाद्यवृंदातील प्रत्येक वादकापुढे त्याच्या वाद्यापुरताच कागद असतो. सर्व वाद्यांचे सर्व भाग एकाखाली एक लिहिलेले जाडजूड पुस्तक संचालकापुढे असते. वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगावयाचे तर वादकापुढे त्याचे एक खाते, संचालकापुढे सारी खतावणी. ह्या पुस्तकात स्वर, त्यांची लांबी आणि कोणी केव्हा वाजवावे हे सारे काटेकोर लिहिलेले असते. आपल्या गायकाला रागात जी मोकळीक असते ती येथे नाही. एकही स्वर बदलावयाचा नाही. मग उरते काय?

पुष्कळ उरते. पहिली गोष्ट लय. ‘अलेग्रो’ म्हणजे जलद, पण किती जलद? बेथोव्हनने मेट्रोनोम नावाच्या लयमापक यंत्राचे आकडे दिले. पाचव्या सिंफनीच्या पहिल्या भागासाठी त्याने १०८ हा आकडा घातला आहे. तरीही त्याहून संथ लयीत ती वाजविणारे थोर संचालक कितीतरी झाले. दुसरी गोष्ट बळ. ‘फोर्टे’ म्हणजे जोरात. हा जोर पहिल्याच ठिकाणी सारा खर्च करावयाचा की पुढच्या शिखरासाठी राखून ठेवावयाचा हे कागद सांगत नाही. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे तोल. आमच्या देवळातील भजनात मृदंगवाल्याचा हात जड पडला की अभंगाचे शब्द हरवतात, झांजा वाढल्या की मृदंगाचे बोल जातात. भजनी मंडळात दहा-पंधरा माणसे, येथे शंभर. पितळी वाद्यांची एक रांग उठली तर साठ तंतुवाद्ये झाकून टाकू शकते. कोणी किती मागे राहावयाचे हे ठरविणे हेच संचालकाचे अर्धे काम, आणि ते प्रयोगात दिसत नाही, तालमीत झालेले असते.

मेहतांच्या ध्वनिमुद्रिकांवरील वाद बहुतेक ह्या तिसऱ्या गोष्टीपाशी येऊन पोहोचतो. लय आणि आखणी ह्या बाबतींत त्यांची तालीम कडक होती. त्यांचे व्हिएन्नामधील गुरू हान्स स्वारोव्स्की हे लिखित रचनेशी प्रामाणिक राहण्याचा व एका भागातील लय दुसऱ्या भागाशी हिशेबाने जोडण्याचा आग्रह धरीत. मेहतांच्या मुद्रणांत लय सहसा बेताल धावत नाही किंवा उगीच रेंगाळत नाही. त्यांची ओळख पटते ती नादाच्या जाडीवरून. चेलो आणि डबल बास ही खालच्या पट्टीची तंतुवाद्ये ते भरघोस वाजवून घेतात आणि पितळी वाद्ये मोकळी सोडतात. (विद्यार्थिदशेत ते स्वतः डबल बास वाजवीत, हेही लक्षात घ्यावयास हवे.) १९६२ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकची सूत्रे त्यांच्या हाती आली. कॅलिफोर्नियातील त्या वाद्यवृंदाला व्हिएन्नासारखा गडद नाद यावा म्हणून त्यांनी सोळा वर्षे खटपट केली. डेक्का कंपनीने त्या काळात त्यांची जी मुद्रणे काढली, स्ट्राउसचे ‘आल्सो श्प्राख झरथुस्त्रा’ (१९६८), ‘आल्पाइन सिंफनी’ (१९७५), चायकोव्हस्कीच्या सिंफनी, त्यांवरच त्यांची कीर्ती मुख्यत्वे उभी आहे.

आणि त्यांवरच आक्षेपही उभे आहेत. ह्या तबकड्या इतक्या झगझगीत मुद्रित झाल्या होत्या की संगीतयंत्रे विकणारे दुकानदार आपल्या यंत्राची ताकद दाखविण्यासाठी गिऱ्हाइकांना त्या ऐकवीत. एकदा एखादी गोष्ट दुकानदाराने नमुना म्हणून वाजविली की तिच्याकडे कला म्हणून पाहणे काही लोकांना जड जाते. त्यातच जानेवारी १९६८ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकले. तरुण, देखणा, पूर्वेकडून आलेला. प्रसिद्धी अमाप मिळाली. आमच्या लेखाशास्त्रात ‘गुडविल’ नावाची एक मालमत्ता असते. ती डोळ्यांनी दिसत नाही पण तिची किंमत लागते. मेहतांच्या बाबतीत मला वाटते हे खाते दोन्ही बाजूंनी चालले. ज्यांना नाव आवडले त्यांनी तबकडी अधिक आवडून घेतली, आणि ज्यांना एवढा गाजावाजा खुपला त्यांनी ती ऐकण्यापूर्वीच दोन गुण कापले.

परंतु सारा मतभेद प्रसिद्धीच्या माथी मारून मोकळे होणे बरोबर नाही. ‘झरथुस्त्रा’ ही रचनाच घेऊ. १८९६ साली ती प्रथम वाजली. आरंभी खोल, जवळजवळ न ऐकू येणारा षड्ज आहे, ऑर्गन, डबल बास व काँट्राबसून ह्यांचा. (आपल्या संगीत नाटकातील पायपेटीला आपण ऑर्गन म्हणतो, तो नव्हे, चर्चमधला, भिंतभर नळ्यांचा.) त्यावर तुताऱ्या सा-प-सा असे तीन स्वर चढतात आणि सूर्योदय होतो. दीड-दोन मिनिटांचा हा खेळ. पुढे अर्धा तास रचना चालते. पहिल्या दोन मिनिटांसाठी ऐकणाऱ्याला मेहतांचे १९६८ चे मुद्रण ऐकून धन्य वाटते. पण शेवटी ही रचना दोन न जुळणाऱ्या स्वरांवर, प्रश्न तसाच ठेवून, विझत जाते. ज्याचे लक्ष त्या शेवटाकडे आहे तो विचारतो, की एवढा प्रकाश पाडल्यावर शेवटचा अंधार तितकाच खोल वाटला का? दोघे एकाच तबकडीबद्दल बोलत असतात, पण दोघांची मोजपट्टी वेगळ्या ठिकाणी लावलेली असते. माझे स्वतःचे उत्तर असे, की शेवट थोडा घाईचा वाटला नाही तरी थोडा उजळच राहिला.

रचनाकाराने स्वतःच वाजवून दाखविले तर तंटा मिटेल असे कोणी म्हणेल. स्ट्राउस स्वतः नामांकित संचालक होता आणि १९४४ साली व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर त्याने ह्याच रचनेचे मुद्रण केलेले आहे. ते उपलब्ध आहे. तरीही त्यानंतर डझनावारी मुद्रणे निघाली आणि वाद तसाच राहिला. माहलर १९११ साली वारला. त्याच्या हातची वाद्यवृंदाची एकही तबकडी नाही. तेथे तर साक्षीदारच नाही.

दुसरी बाब यंत्राची व वास्तूची. ती श्रोते फारशी जमेस धरीत नाहीत. मेहतांची व्हिएन्नामधील डेक्का मुद्रणे, म्हणजे ब्रुकनरची नववी (१९६५) आणि माहलरची दुसरी (१९७५), ज्या सोफियनझाल नावाच्या इमारतीत झाली ती मुळात स्नानगृह होती. जमिनीखालची पोकळी तशीच राहिल्यामुळे खर्जाला तेथे विलक्षण भरीवपणा येई. २००१ साली ती वास्तू आगीत जळाली. आता, खालच्या पट्टीची आवड असलेला संचालक आणि खर्ज वाढविणारी वास्तू एकत्र आल्यावर जो नाद निघाला त्यातला मेहतांचा वाटा किती व जमिनीचा किती, हे कोण ठरविणार? तंबोऱ्याचा भोपळा बदलला की आवाज बदलतो, हे आपल्याला सांगावे लागत नाही.

ह्याची उलट बाजू न्यूयॉर्कची. १९६७ च्या सुमारास मेहतांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकविषयी मुलाखतीत काहीतरी खोचक बोलून ठेवले होते आणि त्याबद्दल त्यांना क्षमा मागावी लागली होती. दैवगती अशी, की १९७८ मध्ये त्याच वाद्यवृंदाचे ते संचालक झाले आणि १९९१ पर्यंत राहिले. तेथील वृत्तपत्रीय टीकाकारांनी त्यांना फारसे सोडले नाही. नाद ओबडधोबड झाला, वादन वरवरचे झाले, असा सूर लागला. तबकड्यांवरही पुष्कळ श्रोत्यांचे मत असेच पडले. पण ह्या काळात कंपनी बदलली होती; डेक्काऐवजी सी.बी.एस. आली होती. मुद्रणाची डिजिटल पद्धती नुकती सुरू झाली होती व तिचा आरंभीचा आवाज अनेकांना कोरडा वाटे. वाद्यवृंदाचे नेहमीचे सभागृह तर त्याच्या खराब नादगुणांसाठीच प्रसिद्ध होते. दुरुस्त्या होत होत अखेर २०२२ साली ते आतून पूर्णपणे नवे बांधण्यात आले. तेव्हा ‘मेहता न्यूयॉर्कला जाऊन बिघडले’ हे विधान करणाऱ्याने आधी सांगितले पाहिजे की बिघाड हातात ऐकू आला, भिंतीत, की यंत्रात. मी त्या काळातील टीकाकारांना खोटे पाडीत नाही. ते सभागृहात बसून ऐकत होते. तबकडीवरून तोच निकाल देणाऱ्यांबद्दल मात्र मला शंका आहे.

ह्या सगळ्याची आपल्याला सवय नाही असे नाही. केसरबाई केरकर आमच्या गोव्याच्या, केरीच्या. त्यांच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या आहेत, आणि त्यांच्या मैफली ऐकलेली माणसे त्या तबकड्यांना ‘सावली’ म्हणत आली. उलट, माझ्यासारख्या ज्यांनी तबकडीच ऐकली त्यांना त्या सावलीतही डोंगर दिसतो. कुमार गंधर्व ह्या आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीच्या गवयाने गाणे निराळ्या वाटेने नेले तेव्हा किती रसिक दुरावले आणि किती नव्याने जोडले गेले! किशोरी आमोणकरांनी जयपूर घराण्याची चौकट सैल केली तेव्हाही तेच. घराणे म्हणजे ऐकणाऱ्याच्याही कानाची एक शिस्त असते. मल्लिकार्जुन मन्सुरांच्या दाट, गुंफलेल्या गाण्यावर वाढलेल्या माणसाला संथ आलापी रिकामी वाटू शकते. मेहतांवर वाद घालणारे लोकही अशाच कुठल्यातरी अलिखित घराण्यातले असतात. कोणी कारायानवर वाढलेला, कोणी फुर्टव्हेंग्लरवर.

येथे सहज आठवले म्हणून सांगतो. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अंतराळात सोडली. त्यांच्याबरोबरच्या सोन्याच्या तबकडीवर केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे, सुमारे साडेतीन मिनिटांची. त्याच तबकडीवर बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचा पहिला भागही आहे, आणि तो ऑटो क्लेम्पेरर ह्यांनी संचालित केलेला. क्लेम्पेरर संथ लयीसाठी प्रसिद्ध. अनेकांना ते भव्य वाटतात, अनेकांना जड. निवड करणाऱ्यांना शेकडो मुद्रणांतून एक उचलणे भाग होते. परग्रहावर कोणी ऐकणारा निघालाच तर त्याच्या लेखी बेथोव्हनची लय तीच!

गेल्या सत्रात आमच्या वसतिगृहात मी एक लहानसा प्रयोग केला. तो शास्त्रीय होता असा माझा दावा नाही. चार मित्रांना बसवून मेहतांच्या ‘झरथुस्त्रा’चा आरंभ दोनदा ऐकविला, एकदा लॉस एंजेलिसचा आणि एकदा न्यूयॉर्कचा. संचालक कोण हे सांगितले नाही, आणि दोन्ही एकाच माणसाचे आहेत हे तर नाहीच. सुरुवात मोबाइलवर केली. दहा-पंधरा सेकंद गेले तरी कोणाला काही ऐकू येईना, “अरे, बंद पडला वाटतं!” असे एकाने म्हटले. तो खोल षड्ज एका सेकंदाला तीसबत्तीस कंपनांचा. मोबाइलच्या बोटभर कर्ण्यातून तो बाहेर पडणे शक्यच नाही. म्हणजे रचनेचा पायाच गायब, आणि तुताऱ्या हवेत लटकलेल्या. मग कानात घालावयाची चांगली यंत्रे कोणाकडून तरी आणली आणि एकेकाने आळीपाळीने ऐकले.

तबला शिकणाऱ्या मित्राने तुताऱ्यांकडे लक्षच दिले नाही. त्याला टिंपनीचे ठोके पहिल्यात खणखणीत आणि दुसऱ्यात पसरट वाटले, आणि त्याने तेवढ्यावर निकाल दिला. मडगावकडच्या आमच्या एका मित्राने लहानपणी चर्चमध्ये व्हायोलिन वाजविले आहे. तो म्हणाला, पहिल्यात ऑर्गन उशिरापर्यंत मागे घुमत राहतो, ते त्याला देवळात बसल्यासारखे वाटले. ‘देऊळ’ हा शब्द त्याचाच. धारवाडकडच्या, कन्नड विभागात लिहिणाऱ्या मित्राला दुसरे आवडले. त्याचे कारण ऐकण्यासारखे होते. पहिल्यात सगळे एकदम अंगावर येते, दुसऱ्यात कोण काय वाजवतो ते निदान कळते, असे तो म्हणाला. टीकाकारांनी ज्याला कोरडे म्हटले तेच ह्याला स्वच्छ वाटले. चौथा म्हणाला, हे तर अंतराळाच्या जाहिरातीचे संगीत. त्याला दोन्ही सारखीच वाटली.

चौथ्याला आम्ही हसलो, परंतु त्याचे म्हणणे टाकाऊ नाही. १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ ह्या चित्रपटात हा आरंभ वापरला गेला (ते मुद्रण कारायान यांचे) आणि तेव्हापासून जगातील असंख्य लोकांना त्या तीन स्वरांत सूर्य दिसत नाही, अंतराळयान दिसते. पूर्वी कोठे, कशाबरोबर ऐकले ह्याची आठवण नादाला चिकटते आणि मग नाद सुटा ऐकता येत नाही. जाहिरातीच्या आठवणीचे फारसे बिघडत नाही. परंतु हीच गोष्ट जीवघेणीही असू शकते. मेहता इस्रायल फिलहार्मोनिकचे अनेक वर्षे संचालक होते, २०१९ साली निवृत्त झाले. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंवर हल्ले झाले तेव्हापासून त्या वाद्यवृंदाने वाग्नरचे संगीत वाजविणे बंद केले होते, कारण वाग्नर ज्यूद्वेष्टा आणि हिटलरचा लाडका. ऑक्टोबर १९८१ मध्ये तेल अवीव येथे मेहतांनी कार्यक्रमाच्या शेवटी, ज्यांना ऐकावयाचे नसेल त्यांनी खुशाल जावे असे सांगून, वाग्नरच्या ‘त्रिस्तान आणि इझोल्डे’मधील अंतिम भाग सुरू केला. सभागृहात गदारोळ झाला. छळातून वाचलेला एक कर्मचारी पुढे येऊन आपल्या अंगावरचे व्रण दाखवू लागला. त्या रात्री वाद्यवृंदाची लय कशी होती, तोल कसा होता, ह्याची चर्चा कोण करणार? वादनावर मत देणे आणि वाजविण्यावर मत देणे ह्या दोन गोष्टी तेथे वेगळ्या करता येत नव्हत्या. संगीताला राजकारणाशी जोडू नये असे मेहतांच्या बाजूने म्हणता येते आणि मलाही ते पटते, पण तो व्रणवाला श्रोता चुकीचे ऐकत होता असे म्हणण्याचे धाडस माझ्याने होणार नाही.

इतके झाल्यावर माझे मत. मेहता मला सर्वत्र सारखे भावत नाहीत. शूमानच्या सिंफनींत वाद्यांची वीण मुळातच दाट आहे. तेथे त्यांचा भरघोस हात ती अधिक दाट करतो आणि मला गुदमरल्यासारखे होते. स्ट्राउसमध्ये मौज वाटते, पण दुसऱ्यांदा ऐकताना थोडी कमी. ब्रुकनर व माहलर ह्यांत मात्र, निदान व्हिएन्नामधील त्या दोन मुद्रणांत, तो जाड नाद रचनेच्याच मालकीचा वाटतो. माहलरच्या दुसऱ्या सिंफनीत सभागृहाबाहेरून वाजणारी पितळी वाद्ये आहेत, दोन गायिका आहेत, मोठा गायकवृंद आहे. एवढा संसार सांभाळून शेवटच्या भागात गायकवृंदाचा पहिला प्रवेश त्यांनी जितका हळू करविला आहे तितका, एका श्वासाहून मोठा नाही असा, त्या ‘डामडौल’वाल्यांनी एकदा ऐकावा.

ज्यांना स्वतः पारख करावयाची असेल त्यांच्यासाठी एक सोपी जोडी सुचवितो. ब्रुकनरची नववी सिंफनी तीनच भागांची आहे. चौथा पुरा होण्याआधी १८९६ साली तो वारला. तिचे १९६५ चे मुद्रण केले तेव्हा मेहता एकोणतीस वर्षांचे होते. त्याच व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर १९८८ साली कार्लो मारिया जुलिनी ह्यांनी ती मुद्रित केली तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि त्यांची लय पुष्कळच संथ आहे. वाद्यवृंद एक, कागद एक, मध्ये तेवीस वर्षे. दोन्ही आज मोबाइलवर फुकट किंवा जवळजवळ फुकट मिळतात. दुसऱ्या भागापासून आरंभ करावा. तेथे तंतुवाद्ये प्रथम बोटांनी छेडलेली येतात आणि मग सारा वाद्यवृंद एकाच स्वरावर घण घातल्यासारखा कोसळतो. ऐकताना लहान कर्णा टाळावा, आणि तो घण दोघांनी किती उंचावरून उचलला आहे तेवढेच पाहावे.